समोरच्या खुर्चीत बोगार्ट

अंधारी खोली आहे. कॉटवर एक दांडगा तरुण उताणा पडलाय, चेहरा पूर्ण सावलीत. दोन माणसं त्याला मारायला येताहेत, हे त्याला ठाऊक आहे. पळून जायची ताकद आहे, वेळही आहे, पण इच्छा संपली आहे. हा प्रसंग १९४६ च्या 'द किलर्स'मधला. बर्ट लँकेस्टरचा हा पहिलाच चित्रपट. मूळ गोष्ट हेमिंग्वेची, दिग्दर्शक रॉबर्ट सिऑडमॅक. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या खोलीतला अंधार दोन दिवस डोक्यातून गेला नव्हता.

आता ३६ वर्षं पुढे या. तीच खोली, तोच लँकेस्टर, तोच थकलेला आवाज. पण मूळ चित्रपटात त्याला सावध करायला निक नावाचा पोरगा येतो, त्याच्या जागी इथे रिग्बी रिअर्डन नावाचा एक खासगी गुप्तहेर आलाय. त्याला लँकेस्टरकडून काही माहिती हवीये. बिचाऱ्याची अवस्था बघून तो म्हणतो, थांब, तुला मस्त कॉफी करून देतो. आणि मग तो कॉफी करत बसतो. भांड्यात पुडीतून कॉफी ओततोय, ओततोय, ओततोच आहे. पुडी संपते, मग अंडं फोडून घालतो. इकडे गडी कॉफीत रमलेला आणि तिकडे, १९४६ मध्ये, दोघं मारेकरी दार उघडून आत येतात आणि गोळ्या झाडतात.

मी खो खो हसले. आणि हसता हसता जरा चमकले. कारण गोळ्या त्याच होत्या, अंधार तोच होता, माणूस खरोखरच मेला होता. ज्या मरणाने मला दोन दिवस छळलं त्यालाच मी हसत होते का? तर नाही, हसू येत होतं ते कॉफीला. सिऑडमॅकचा प्रसंग जसाच्या तसा, आपल्या जागी, आपल्या भीतीसकट उभा होता. हे कसं जमवलं असेल, या कुतूहलापोटी मी या चित्रपटाच्या मागे लागले, आणि जे सापडलं ते इथे मांडतेय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

चित्रपटाचं नाव 'डेड मेन डोन्ट वेअर प्लॅड'. मे १९८२ मध्ये अमेरिकेत लागला. दिग्दर्शक कार्ल रायनर, नायक स्टीव्ह मार्टिन, पटकथा या दोघांची आणि जॉर्ज गाइपची. नावाचा अर्थ विचाराल तर 'मेलेली माणसं चौकडीचे कपडे घालत नाहीत'. म्हणजे काय? काही नाही. हे वाक्य चित्रपटात येतं आणि त्याचा अर्थ नायकालाही कळलेला नसतो.

गोष्ट म्हटली तर साधी. चीज बनवण्यात वाकबगार असा एक शास्त्रज्ञ, डॉ. फॉरेस्ट, गाडीच्या अपघातात मरतो. त्याची मुलगी ज्युलिएट (रेचल वॉर्ड) रिअर्डनच्या ऑफिसात येते आणि तपास सुरू होतो. मग 'फ्रेंड्स ऑफ कार्लोटा' आणि 'एनिमीज ऑफ कार्लोटा' अशा नावांच्या याद्या, एक बेट, आणि शेवटी चीजच्या बुरशीने अमेरिका विरघळवून टाकायला निघालेले नाझी. तद्दन भंकस. गंमत अशी, की ही भंकस १९४१ ते १९५० या काळातल्या दीड डझनाहून जास्त खऱ्या चित्रपटांचे तुकडे जोडून उभी केलीये. सगळा चित्रपट कृष्णधवल. रिअर्डन फोन उचलतो आणि पलीकडे बार्बरा स्टॅनविक बोलते. आगगाडीच्या डब्यात बसतो तर समोर केरी ग्रँट. तुरुंगात जेम्स कॅग्नीला भेटायला त्याच्या आईचा वेश घेऊन जातो. आणि त्याचा सहकारी, ज्याला तो सारखा इकडून तिकडे पिटाळतो, तो साक्षात हम्फ्री बोगार्ट, 'द बिग स्लीप'मधला फिलिप मार्लो. एका ठिकाणी बोगार्टच्या गळ्यात टाय नाही. आता जुन्या फिल्ममध्ये टाय कुठून आणणार? तर रिअर्डन त्यालाच दटावतो, की बाबा रे, टाय घालत जा. अडचण आली की तिचाच विनोद करायचा, ही यांची रीत.

कल्पना जेवणाच्या टेबलावर निघाली म्हणतात. मार्टिनच्या दुसऱ्याच एका पटकथेविषयी बोलणं चाललं होतं, तिच्यात जुन्या चित्रपटाचा एखादा तुकडा वापरावा असं कुणीतरी सुचवलं, आणि मग एकच का, सगळा चित्रपटच तसा का नको, इथवर गाडी गेली. रायनर आणि गाइप जुने चित्रपट बघत सुटले. गोष्ट आधी ठरवून तिला साजेसे तुकडे शोधले असं झालं नाही. जुन्या पात्रांची वाक्यं टिपून घ्यायची, पत्त्यांसारखी पिसायची, आणि कुठल्या वाक्याला कुठलं वाक्य चिकटतंय ते बघायचं, असा उलटा कारभार. म्हणून तर गोष्ट अशी वेडीवाकडी आहे! बेटाचं नाव कार्लोटा का, तर १९४९ च्या 'द ब्राइब'मध्ये ते होतं म्हणून. शास्त्रज्ञाचं नाव फॉरेस्ट का, याचंही उत्तर असंच मिळतं. सुरुवातीचा अपघात १९४२ च्या 'कीपर ऑफ द फ्लेम'मधून उचललाय, आणि तिथे गाडीसकट खाली जाणाऱ्या माणसाचं नाव रॉबर्ट फॉरेस्ट.

आता मुख्य प्रश्न. दुसऱ्याच्या चित्रपटात आपला माणूस घुसवायचा कसा? १९८२ मध्ये कॉम्प्युटरवर ही करामत होत नव्हती. (अगदी थोड्या ठिकाणी जुनं आणि नवं एकाच चौकटीत आणलंय, तेवढं सोडा.) उत्तर जुन्या हॉलिवूडच्या सवयीतच होतं. दोन माणसं बोलताना दाखवायची तर कॅमेरा आधी एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा चेहरा दाखवणार, मग दुसऱ्याच्या खांद्यामागून पहिल्याचा. अख्खं संभाषण असं दोन अर्ध्या भागांत चित्रित झालेलं असतं, आणि आपण बघणारे ते मनात जोडून घेतो. म्हणजेच त्यातला एक अर्धा काढून तिथे दुसरा बसवता येतो, नजर मात्र नेमकी जुळायला हवी. बोगार्ट जिथे बघतोय तिथेच मार्टिनचे डोळे पाहिजेत. 'सस्पिशन'मध्ये केरी ग्रँटसमोर जोन फाँटेन बसली होती, तिच्या जागी मार्टिन बसला. बसला इतकंच.

इतकंच म्हणतेय खरी, पण त्यामागची मेहनत बघा. खिडकीतून येणारा उजेड मूळ चित्रपटात डावीकडून असेल तर इथेही डावीकडूनच. मागच्या भिंतीचा कागद, दिव्याची शेड, खुर्चीची पाठ, सगळं जुळवायचं. जॉन डिक्युअरने तुकडे समोर ठेवून सेट उभे केले. कॅमेरा मायकेल चॅपमनकडे होता, 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल'वाला. 'रेजिंग बुल' १९८० चा आणि कृष्णधवलच, म्हणजे हात ताजा होता. पण इथे काम वेगळं. दर पाच मिनिटांनी वेगळ्या कॅमेरामनची, वेगळ्या स्टुडिओची प्रकाशयोजना वठवायची. वॉर्नरचा काळोख निराळा, एमजीएमचा निराळा. विनोदी चित्रपटात एवढी उस्तवार कोण करतं? सहसा विनोद म्हटलं की कॅमेरा सरळ, उजेड भरपूर आणि सगळा भार नटावर. इथे कॅमेरा, सेट, कपडे, संगीत हे सगळे गंभीर चेहऱ्याने आपापलं काम करताहेत आणि एकटा स्टीव्ह मार्टिन वेडेपणा करतोय. तोसुद्धा चेहरा हलू न देता. माझ्या मते विनोद उभा राहतो तो या शिस्तीवर.

हे तुकडे मिळाले कसे, यातही एक व्यापारी इतिहास दडलाय, थोडक्यात सांगते. चित्रपट युनिव्हर्सलचा. त्या कंपनीची मालकी पुढे ज्या एमसीएकडे गेली, त्या एमसीएने १९५८ मध्येच पॅरामाउंटचे जुने, १९५० पूर्वीचे सातशेच्या आसपास बोलपट विकत घेऊन ठेवले होते. टीव्हीवर दाखवायला म्हणून. त्यामुळे 'डबल इन्डेम्निटी', 'द लॉस्ट वीकएण्ड', 'धिस गन फॉर हायर', 'द ग्लास की' ही सगळी घरचीच माळ्यावरची भांडी होती. 'द किलर्स' तर मुळातच युनिव्हर्सलचा. बाकीचे वॉर्नर, एमजीएम, आरकेओ, कोलंबिया असे शेजारपाजारचे.

थोडं मागे जाऊ. या काळ्या गुन्हेपटांना आपण आज 'फिल्म न्वार' म्हणतो, पण ते बनवणाऱ्यांना हे नाव माहीतही नव्हतं. त्यांच्या लेखी ते मेलोड्रामा होते, क्राइम पिक्चर होते, बऱ्याचदा कमी खर्चातले. नाव दिलं फ्रेंचांनी. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये युद्धाच्या काळात अमेरिकन चित्रपट आलेच नव्हते, आणि १९४६ च्या उन्हाळ्यात ते पॅरिसमध्ये एकदम ओळीने लागले: 'द माल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इन्डेम्निटी'... एकेक करून पाहिले असते तर कदाचित लक्षात आलं नसतं, पण लागोपाठ पाहिल्यावर नीनो फ्रँक या समीक्षकाला जाणवलं, की यांचा सूर एकच आहे आणि तो काळा आहे. त्याने तो शब्द वापरला. पुढे १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतोन या दोघांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

हा काळा सूर आला कुठून? कारणं बरीच सांगतात, मंदी, युद्ध, हॅमेट-चँडलर-केन यांच्या कादंबऱ्या. सेन्सॉरची संहिताही त्यात होतीच. जेम्स केनची 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' एमजीएमने १९३४ मध्येच घेतली होती, पण तिच्यावर चित्रपट यायला १९४६ उजाडलं. जे उघड दाखवता येत नव्हतं ते मग सावलीत दाखवायची सवय लागली. पण माझं मन अडकतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. 'द किलर्स' बनवणारा सिऑडमॅक आणि 'डबल इन्डेम्निटी' बनवणारा बिली वाइल्डर, दोघेही ज्यू, दोघांनीही १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मनी सोडली. वाइल्डरची आई मागे राहिली, ती नाझींच्या हत्याकांडात गेली. अमेरिकेतल्या झकपक उन्हात बसून ही माणसं अंधाऱ्या खोलीत मरणाची वाट बघणाऱ्यांच्या गोष्टी सांगत होती.

आणि 'प्लॅड'मध्ये खलनायक कोण? नाझी. फील्ड मार्शल फॉन क्लुक. ही भूमिका स्वतः कार्ल रायनरने केलीये, जो न्यूयॉर्कच्या ज्यू घरातला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. शेवटी कारस्थान उलगडून सांगायची वेळ येते तेव्हा गुप्तहेर आणि नाझी 'मी सांगणार, मी सांगणार' म्हणून भांडतात आणि दोघं एकदमच बोलायला लागतात. रायनरच्या मनात सिऑडमॅक-वाइल्डर होते का, यावर मी पैज लावणार नाही. पण त्यांच्या चित्रपटांच्या तुकड्यांतून रचलेल्या गोष्टीत नाझींचं इतकं साग्रसंगीत हसं व्हावं, याचं मला फार बरं वाटलं.

आत्या, आता पुढचं खास तुझ्यासाठी, कारण शिवणकामाबद्दल आहे. या चित्रपटाचे कपडे एडिथ हेडचे. १९२० च्या दशकात ती पॅरामाउंटमध्ये लागली आणि १९६७ पर्यंत तिथेच राहिली, मग युनिव्हर्सलमध्ये गेली. वेशभूषेची आठ ऑस्कर, नामांकनं ३५. गोल काळा चष्मा आणि कपाळावर कापलेले केस असलेली ती बाई फोटोत पाहिली असशील. १९४४ मध्ये 'डबल इन्डेम्निटी'साठी बार्बरा स्टॅनविकचे कपडे तिनेच केले होते. तो भडक सोनेरी टोप, पायातली ती साखळी, बाई किती धोकादायक आहे ते तिने तोंड उघडण्याआधीच कळतं. त्यानंतर जवळजवळ ३७ वर्षांनी, त्याच चित्रपटातल्या फ्रेड मॅकमरेला भुलवायला स्टीव्ह मार्टिन सोनेरी टोप घालून बाई बनून येतो, आणि त्याचेही कपडे एडिथ हेडचेच! नकलेसाठी ज्या मूळ गोष्टीकडे बघायचं, ती तिचीच होती. 'नटोरिअस'मधली इन्ग्रिड बर्गमन, 'द ग्लास की'मधली व्हेरॉनिका लेक, 'सॉरी, राँग नंबर'मधली पुन्हा स्टॅनविक, या सगळ्यांची मापं तिने घेतलेली. म्हणजे जुन्या तुकड्यांत तिचे कपडे आणि त्यांना जोडलेल्या नव्या दृश्यांतही तिचेच. एका बाईने आपल्याच तरुणपणीच्या कामाला ठिगळ लावावं आणि ते कुठे लावलंय ते दिसू नये, असा प्रकार.

२४ ऑक्टोबर १९८१ ला ती गेली. हा तिचा शेवटचा चित्रपट, आणि तो तिला व चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या चित्रपटांवर काम करणाऱ्या सगळ्या कारागिरांना अर्पण केलाय.

दुसरा म्हातारा कारागीर म्हणजे संगीतकार मिक्लोश रोझा. जन्म बुडापेस्टचा, १९०७. लाइप्झिग, पॅरिस, लंडन करत १९४० मध्ये हॉलिवूडला पोचला. (आपल्या म्हैसूरच्या साबूचा 'जंगल बुक' आठवतो? १९४२ चा. त्याचं संगीत याचंच.) 'डबल इन्डेम्निटी', 'द लॉस्ट वीकएण्ड', 'द किलर्स', 'द ब्राइब', सगळ्यांना रोझाचंच संगीत. 'डबल इन्डेम्निटी'च्या वेळी पॅरामाउंटच्या संगीत विभागप्रमुखाला ते कर्कश वाटलं होतं. वरच्या साहेबांना आवडलं म्हणून टिकलं. 'द किलर्स'मधले मारेकऱ्यांचे चार सूर तर इतके कानात बसणारे, की पुढे 'ड्रॅगनेट' या प्रसिद्ध मालिकेच्या धुनेत ते आलेत म्हणून वकिलांपर्यंत प्रकरण गेलं आणि श्रेय वाटून घेतलं गेलं.

१९८२ मध्ये पंचाहत्तरीला आलेल्या या माणसाला विनोदी चित्रपटाचं संगीत द्यायला सांगितलं, तर त्याने एक जागासुद्धा विनोदी केली नाही. डोळे मिटून ऐकाल तर खून पडतोय, बाई फसवतेय, कुणीतरी पावसात उभं आहे असंच वाटेल. ते ऐकत पडद्यावर कॉफीत अंडं पडताना बघायचं! हा त्याचाही शेवटचा चित्रपट ठरला. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला, आणि नंतर १९९५ पर्यंत जगला तरी चित्रपटाला संगीत दिलं नाही.

एक बोचलेली गोष्टही सांगायला हवी. ज्युलिएट बेशुद्ध पडलेली असताना रिअर्डन तिच्या छातीला हात लावतो आणि काहीतरी फालतू कारण देतो, तो विनोद मला तेव्हाही आवडला नव्हता आणि आता तर बघवत नाही. रेचल वॉर्डच्या वाट्याला मुळातच कमी आलंय, गुप्तहेराच्या दंडातली गोळी तोंडाने ओढून काढणं वगैरे. त्या जुन्या चित्रपटांतल्या बायका, स्टॅनविक काय, लाना टर्नर काय, निदान स्वतःच्या डोक्याने पाप करायच्या. हिच्याकडून ते सुख काढून घेतलंय. शिवाय मधली वीस मिनिटं सैल आहेत, एकच युक्ती किती वेळा बघणार, असं होतं. तिकीटबारीवरही रायनर-मार्टिन जोडीच्या 'द जर्क'इतका हा चालला नाही. असो.

पण एक आठवा. 'पोस्टमन'चा रंगीत अवतार १९८१ मध्येच येऊन गेला होता, जॅक निकल्सनचा. त्याच वर्षी 'बॉडी हीट' आला, त्याच्याही मागे 'डबल इन्डेम्निटी' उभी आहेच. जुनं न्वार नव्याने करायची तेव्हा लाट होती, आणि आता सेन्सॉर नसल्यामुळे जे सावलीत होतं ते उजेडात दाखवता येत होतं. रायनरने त्या मंडळींची जागा घेतली नाही. त्यांच्या समोरची खुर्ची ओढून तो बसला.

आणि ती मंडळी तेव्हा बरीचशी हयात होती, हे मला तारखा बघताना लक्षात आलं. मी मनात धरून चालले होते की हे सगळं गेलेल्या माणसांशी बोलणं आहे. बोगार्ट १९५७ मध्येच गेला होता, अॅलन लॅड १९६४ मध्ये, व्हेरॉनिका लेक १९७३ मध्ये. पण स्टॅनविक होती, कॅग्नी होता, ग्रँट, बेटी डेव्हिस, लाना टर्नर, एव्हा गार्डनर, रे मिलंड, मॅकमरे, लँकेस्टर सगळे होते. कर्क डग्लस तर २०२० पर्यंत होता, १०३ वर्षांचा होऊन गेला. १९८२ च्या मे महिन्यात यांच्यापैकी कुणीही थेटरात जाऊन, स्वतःच्या पस्तीस वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याला एक अनोळखी गुप्तहेर प्रश्न विचारतोय, हे बघू शकलं असतं. इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी जेमतेम तीन महिने मिळाले. २९ ऑगस्टला ती गेली.

बघणार असाल तर माझं ऐका, आधी 'डबल इन्डेम्निटी' आणि 'द किलर्स' बघा, एवढे दोन पुरे. 'द किलर्स' रात्री, दिवे घालवून. मग दुसऱ्या दिवशी हा. कॉफीचा प्रसंग आला की मारेकऱ्यांच्या पावलांकडे कान ठेवा, ती आधीपासून ऐकू येत असतात.